मोरी कोरडी, रस्ता ओला

पहिला मोठा पाऊस पडून अर्धा तास झालेला. जंगलाच्या फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शेवटच्या वळणाच्या अलीकडे, रस्त्याखालून पाणी जायला घातलेली एक पाइपमोरी आहे आणि तिथे पाणी मोरीतून न जाता रस्त्यावरून वाहतंय. तांबूस, गढूळ, घोट्याएवढं पाणी. त्यात पानं, काटक्या, झाडाचं एखादं सालपट. रस्ता ओलांडून ते पलीकडच्या साइडपट्टीवरून खाली उडी घेतं आणि जिथे उडी घेतं तिथली माती ढेकळाढेकळाने सुटत जाते. उतरून मोरीच्या खालच्या तोंडात डोकावलं तर आत कोरडं ठक्क. पाइपाच्या माथ्याला कोळ्याने विणलेलं जाळंसुद्धा शाबूत. वरच्या तोंडाशी वर्षभराच्या पानांचा गच्च बोळा बसलाय, एवढंच.

हे दृश्य मनातून जात नाही, कारण त्यात मोठी चूक कुणाचीच नाही. पाइप बरोबर जागी आहे, उतार ठीक आहे, वरचं डांबरही फार जुनं नाही. पाऊस सुरू व्हायच्या आधी फावडं घेऊन कुणी अर्धा तास तिथे घालवला नाही, आणि तेवढ्यावरून आता ३० मीटर रस्ता जाणार आहे.

अशा रस्त्यांची एक वेगळी जात असते. हमरस्त्यावरून फाटा फुटतो, पाटीवर जंगलाचं नाव, एक बाण आणि ८ किंवा १० किलोमीटरचा आकडा. सुरुवातीला दोन्हीकडे शेतं, मग माळ, मग तुरळक झाडं, आणि मग एका ठिकाणी दोन्ही बाजूंची झाडं डोक्यावर येऊन एकमेकांना भेटतात. गाडीच्या काचा खाली असतील तर हे आधी कानांना कळतं. टायरांचा मोकळा आवाज अचानक दबतो, झाडोऱ्यात मुरतो. पाठोपाठ गारवा येतो आणि कुजत्या पानांचा तो गोडसर, जड वास. रस्ता पुढे कुठेच जात नाही, फाटकापाशी संपतो. गेलेला माणूस त्याच रस्त्याने परत येतो. कागदोपत्री तो महामार्ग असू शकतो, त्याला क्रमांकही असतो. पण पलीकडे गाव नाही, बाजार नाही, म्हणून वाहनांच्या मोजणीत तो कायम तळाशी राहतो आणि दुरुस्तीच्या यादीतही.

वर्दळ कमी म्हणजे झीज कमी, हा हिशेब इथे चुकतो. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ, मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर दिवसरात्र ट्रक फिरवून एक प्रचंड चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ठोकताळा आजही वापरला जातो: ॲक्सलवरच्या, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या आसावरच्या, भाराच्या साधारण चौथ्या घाताने रस्ता झिजतो. कारच्या एका ॲक्सलवर ८०० किलो आणि लाकूड भरलेल्या ट्रकच्या एका ॲक्सलवर ८ टन धरले, तर भार दहापट आणि झीज दहा हजारपट. म्हणजे सुट्टीच्या दिवशी रांगेने येणाऱ्या गाड्या या रस्त्याचं फारसं बिघडवत नाहीत. लाकडाचे मोजके ट्रक बिघडवतात, त्यातही खालची माती ओली असताना धावणारे. बर्फाळ प्रदेशांत म्हणूनच वसंतात अशा रस्त्यांवर भाराची मर्यादा घालतात. तिथे जमीन वरून वितळू लागते, खाली अजून गोठलेली असते, पाण्याला खाली मुरायला वाट नसते आणि वरचा थर लापशीसारखा होतो. जिथे बर्फ नाही तिथेही भर पावसातले दोन-तीन आठवडे लाकूडवाहतूक थांबवणं हा अशा रस्त्यावर करता येण्याजोगा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. तेवढ्या खर्चात डांबराच्या कुठल्याही थराने तेवढं आयुष्य वाढत नाही.

जॉन मॅकॲडम (१७५६–१८३६) या रस्ते बांधणाऱ्या स्कॉटिश माणसाने दोनशे वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं. भार शेवटी दगड पेलत नाही, खालची माती पेलते, आणि ती कोरडी असेतो काहीही पेलते. त्याच्या आधी रस्त्याखाली मोठमोठ्या दगडांचा पाया घालायची रीत होती. त्याने तो पाया काढून टाकला, रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उचलून घेतला, वर फोडलेल्या बारीक खडीचा थर अंथरला आणि कडेने गटारं काढली. खडी, डांबर, कार्पेट ही सगळी रस्त्याची छत्री आहे. छत्रीला भोक पडलं, की ओझं वाहणारा माणूस भिजतो.

आता या छत्रीचा उतार किती, तर डोळ्यांना दिसणार नाही इतका. डांबरी रस्त्याला मधून कडेला सव्वादोन-अडीच टक्के. ५.५ मीटर रुंद रस्ता असेल तर मधली रेघ कडेपेक्षा जेमतेम ७ सेंटिमीटर वर. साइडपट्टीला त्याहून जास्त, चार टक्क्यांच्या आसपास, कारण मुरमावरून पाणी डांबराइतकं झरझर पळत नाही. हे ७ सेंटिमीटर टिकवणं हाच अर्धा रस्ता सांभाळणं. आणि ते जातात कसे? साइडपट्टीवर गवत उगवतं. गवतात रस्त्यावरून आलेली माती अडकते, तिच्यावर पुन्हा गवत. चार-पाच वर्षांत डांबराच्या कडेला हिरवा, देखणा, चांगला वीतभर रुंद बांध तयार होतो, दोन बोटं उंच. दिसायला फार सुंदर. त्या बांधामुळे पाणी गटारात उतरत नाही, डांबराच्या कडेकडेने उताराला लागतं आणि मिळेल त्या पहिल्या भेगेतून आत शिरतं. उलटाही प्रकार होतो: डांबराचे थर एकावर एक चढत जातात, साइडपट्टी मात्र कुणी भरत नाही. मग कडेला पाच-सात सेंटिमीटरची पायरी पडते. समोरून गाडी आली म्हणून एक चाक खाली उतरलं, की परत वर घेताना गाडी आडवी ओढली जाते. डांबराची कड आधाराविना उघडी पडते आणि बिस्किटासारखी तुटायला लागते. पहिल्या प्रकारात साइडपट्टी खरवडून खाली घ्यायची, दुसऱ्यात मुरूम टाकून, पाणी मारून, दाबून वर आणायची. एकाच रस्त्यावर शंभर मीटरच्या अंतरात दोन्ही सापडतात, म्हणून गाडीत बसून केलेली पाहणी फुकट. हा रस्ता पायी चालूनच बघावा लागतो, आणि पाऊस थांबल्यावर पंधरा मिनिटांनी. पाणी जिथे अजून थांबलंय तिथे खूण करायची. त्या खुणा म्हणजे पुढच्या वर्षीचे खड्डे.

झाडांखालचा रस्ता कधीच पूर्ण वाळत नाही.

उघड्यावरचा रस्ता पाऊस थांबला की तासाभरात कोरडा दिसतो. झाडांच्या कमानीखाली पाऊस थांबल्यानंतरही बराच वेळ थेंब टपटपत राहतात. ऊन येतं ते कवडशांचं, एका जागी दहा मिनिटं. पानं चिकटून बसतात, त्यांच्याखाली काळपट ओल धरते, कडेला शेवाळाची हिरवी झाक येते. मुळं वेगळाच ताप देतात. डांबराखाली ओल टिकते आणि मुळं ओलीच्या मागावर असतात. आधी एक लांबट उंचवटा, मग त्याच्या माथ्यावर भेग. तिथे मूळ तोडून रस्ता सपाट करायचा मोह होतो. खोडाजवळचं जाड मूळ तोडलं, तर झाडाचा रस्त्याकडचा आधार जातो आणि एखाद्या वादळात तेच झाड रस्त्यावर आडवं येतं. त्यापेक्षा त्या दहा मीटरपुरता रस्ता हलक्या चढाउताराने वर उचलून घ्यावा. गाडी थोडी हळू होईल. जंगलाच्या रस्त्यावर त्यात काही बिघडत नाही.

खड्डा एका रात्रीत पडत नाही, तसा वाटतो खरा. आधी मगरीच्या पाठीसारखी बारीक जाळीदार भेग येते. तिच्यातून पाणी आत जातं. वरून चाक गेलं की ते पाणी दाबलं जाऊन बाहेर उडतं आणि येताना खालच्या थरातली बारीक माती घेऊन येतं. पावसानंतर भेगांच्या कडेला फिकट रेघोट्या सुकलेल्या दिसतात ना, ती रस्त्याच्या पोटातली माती. हे दिसलं तेव्हाच भेगा डांबराने बुजवल्या तर काम बादलीभर सामानात होतं. पुढे खाली पोकळी होते, वरचा तुकडा खिळखिळा होतो आणि एके दिवशी चाकासोबत निघून येतो. मग नेहमीचं चित्र: पाण्याने भरलेल्या खड्ड्यात दोन फावडी डांबर-खडीचं मिश्रण ओतायचं, फावड्याच्या पाठीने थोपटायचं आणि पुढे जायचं. पंधरा दिवसांत ये रे माझ्या मागल्या. नीट ठिगळ असं लागतं: जाळी जिथे संपते तिच्याही बाहेर चांगल्या डांबरात १०–१५ सेंटिमीटर जाऊन चौकोन आखायचा, कडा सरळ उभ्या कापायच्या, खाली घट्ट, कोरडा थर लागेतो सगळं काढायचं. तळ मऊ असेल तर आधी खडी घालून ठोकायची. तळाला आणि कडांना डांबराचा पातळ हात द्यायचा. जाड दिला की उन्हात तो वर पाझरतो. मिश्रण थराथराने, कडेकडून मध्याकडे दाबत यायचं आणि शेवटी आजूबाजूपेक्षा अर्धा सेंटिमीटर वर ठेवायचं, कारण वाहनांखाली ते अजून थोडं बसतं. ६० बाय ६० सेंटिमीटरच्या, ८ सेंटिमीटर खोल खड्ड्याला जवळपास ७० किलो मिश्रण लागतं. दोन फावड्यांत हे कसं व्हावं?

इथे अंतराची अडचण येते. गरम मिश्रण ते बनवणाऱ्या प्लँटमधून दीडशे अंशांच्या आसपास निघतं आणि ९० अंशांच्या खाली उतरायच्या आत त्याची दबाई संपायला हवी. त्याखाली रोलर कितीही फिरवा, खडी एकमेकींत बसत नाही. वर गुळगुळीत दिसतं, आत पोकळ राहतं. जंगलाचा रस्ता प्लँटपासून दूर, शेवटचे किलोमीटर सावलीत आणि गार. ताडपत्री न टाकलेला ट्रक तिथे पोचेतो मिश्रणाचा वरचा थर कडक झालेला असतो. त्यात थर पातळ असला तर तो अंथरल्यावर काही मिनिटांतच थंड होतो. रस्त्याचे पहिले पाच किलोमीटर टिकले आणि शेवटचे तीन उखडले, असं दिसलं की संशय आधी अंतरावर घ्यावा. थोड्याच दुरुस्तीसाठी न तापवता वापरायचं थंड मिश्रण घेणं तिथे शहाणपणाचं.

पण या सगळ्याच्या मुळाशी मोऱ्या आहेत. डोंगरउतारावरचा रस्ता म्हणजे उताराला आडवा घातलेला बांध. वरून येणाऱ्या प्रत्येक ओहोळाला त्याने अडवलेलं असतं आणि मोरी ही त्या ओहोळाला दिलेली परवानगी. ६० सेंटिमीटरचा पाइप स्वस्त पडतो, पण त्यात एक आडवी फांदी अडकली की तिच्यावर पानं आणि पानांवर गाळ बसत जातो. ९० सेंटिमीटरचा घेतला तर व्यास दीडपट आणि तोंड सव्वादोनपट. शिवाय आत माणूस वाकून जाऊ शकतो, याचं मोल साफसफाईच्या दिवशी कळतं. पाइपाला दोन-तीन टक्के उतार असावा. कमी असेल तर गाळ आत बसतो, जास्त असेल तर पाणी खालच्या तोंडाशी खड्डा खणतं. पाइपाच्या दोन्ही अंगांनी माती १५–२० सेंटिमीटरच्या थरांत, एकसारखी ठोकत आणायची असते. खालच्या बगलांमध्ये ठोकणी पोचत नाही, तिथे हमखास आळस होतो. मग पाणी पाइपाच्या आतून जायचं तसं बाहेरूनही वाट काढतं आणि वर रस्त्यावर बशीसारखा खोलगट भाग दिसू लागतो. तो दिसला की वरून डांबर भरणं ही निव्वळ मलमपट्टी. आणि दोन मोऱ्यांतलं अंतर चढावर ठरतं: मऊ मातीत दहा टक्के चढ असेल, तर गटारातलं पाणी साधारण ३५–४० मीटरला एकदा रस्त्याखालून पलीकडे सोडावं लागतं. सपाटीवर दुप्पट अंतर चालतं. कमी मोऱ्या घातल्या की गटाराचाच नाला होतो आणि रस्त्याची कड पोखरतो.

वाहता ओढा असेल तर गोष्ट आणखी नाजूक. पाइपातून वेगाने पडणारं पाणी खाली डोह खणतं, हळूहळू पाइपाचं तोंड पाण्याच्या वर अधांतरी लटकतं आणि ओढ्यात वर चढणारे मासे तिथेच थांबतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. एका लहानशा पाइपाने वरचा अख्खा ओढा माशांपासून तोडलेला असतो. अमेरिकेच्या वनसेवेने यावर पद्धत बसवली ती ओढ्याला ओढाच राहू देण्याची: मोरी पात्रापेक्षा रुंद बांधायची आणि आत तळाला ओढ्यातलेच दगडगोटे घालायचे. वॉशिंग्टन राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाचं रुंदीचं माप असं, की पात्र काठोकाठ भरतं त्या रुंदीची १.२ पट अधिक ६० सेंटिमीटर. दोन मीटरच्या ओढ्याला तीन मीटरची मोरी. खर्च वाढतो, हे खरंच. पण २०११ साली आयरीन वादळाने व्हरमाँट राज्य झोडपून काढलं, तेव्हा तिथल्या ग्रीन माउंटन राष्ट्रीय जंगलातल्या अशा मोऱ्या तग धरून राहिल्या आणि नेहमीच्या पाइपमोऱ्या अनेक ठिकाणी रस्त्यासकट गेल्या. माशाला सोयीची मोरी पुरालाही सोयीची ठरली.

असा रस्ता खराब झाला की एक मागणी हमखास येते, रुंद करा. तिथे मन दोन्हीकडे ओढलं जातं. चांगला रस्ता जंगलातल्या कामगाराला, आग विझवायला जाणाऱ्या गाडीला, म्हाताऱ्या माणसाला झाडांपर्यंत पोचवतो. जंगल सगळ्यांचं आहे म्हणायचं आणि तिथवर जायचा रस्ता खड्ड्यांचा ठेवायचा, हे पटत नाही. पण रुंदी वाढली की वरची कमान तुटते. ज्या फांद्यांवरून खारी आणि माकडं जमिनीवर न उतरता पलीकडे जात होती, त्या आता भेटत नाहीत. ऊन थेट पडतं, कडेला तण माजतं, त्याचं बी बाहेरून आणलेल्या मुरमातून आणि टायरांच्या चिखलातून आलेलं असतं. आणि वेग वाढतो. ताशी ४० किलोमीटर वेगातली गाडी कोरड्या रस्त्यावर, दीड सेकंद भान यायला धरून, साधारण ३० मीटरमध्ये थांबते. ८० च्या वेगात ८० मीटरहून जास्त लागतात. खालच्या झोताच्या दिव्यांत स्पष्ट दिसतं ते जेमतेम ४०–५० मीटर. म्हणजे ८० च्या वेगात पुढचं जनावर दिसेतो उशीर झालेला असतो. पहिल्या पावसाच्या रात्री बेडूक शेकड्याने रस्ता ओलांडतात. संध्याकाळी डांबर उशिरापर्यंत ऊबदार राहतं म्हणून साप त्यावर येऊन पसरतात. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात महामार्गाला कुंपण घालून प्राण्यांसाठी रस्त्यावरून आणि खालून वाटा बांधल्यावर वन्यप्राण्यांशी होणाऱ्या धडका ८० टक्क्यांहून जास्त घटल्या. ते मोठ्या, पळत्या महामार्गाला योग्यच. आठ किलोमीटरच्या या रस्त्याला एवढं लागत नाही. तो अरुंदच ठेवावा, वळणं वळणंच राहू द्यावीत, आणि थांबायला दर दोन-तीनशे मीटरवर बाजूला एक रुंद जागा करावी. तो नीट, कोरडा आणि हळू असावा, इतकंच माझं मागणं आहे.

फाटकाजवळचा शेवटचा तुकडा बहुधा खडी-मुरमाचा असतो. डांबर संपतं त्या रेषेवर सगळे ब्रेक लावतात आणि तिथे आडव्या लाटा पडतात, दात वाजवणाऱ्या. नुसते उंचवटे खरवडून खोलगट भागात ढकलले, तर आठवड्यात लाटा परत. लाटांच्या तळापर्यंत सगळं उकरून, चिकट मातीचा थोडा अंश मिसळून, पाणी मारून पुन्हा दाबावं लागतं. सुट्टीच्या दिवशी तिथेच गाड्या साइडपट्टीवर लावल्या जातात, चाकांनी गटार बुजतं, आणि पुढच्या पावसात पाणी त्या बुजलेल्या गटारातून उसळून रस्त्यावर येतं आणि उताराने थेट त्या मोरीकडे जातं.

त्या मोरीकडे. बोळा काढायचं काम कोरड्या दिवसांतलं. फावडं, दाताळं, कोयता, दोन घमेली. आधी खालचं तोंड मोकळं करायचं, म्हणजे सुटलेल्या पाण्याला जायला जागा असते, मग पाइपाच्या आत, आणि वरचं तोंड शेवटी. काढलेला पाला वरच्या काठावर टाकायचा नाही, पहिल्याच पावसात तो परत तोंडाशी येतो. वरच्या बाजूला पाच-सहा मीटरपर्यंत ओहोळातल्या सुट्या फांद्या उचलायच्या, पण मूळ धरून उभं असलेलं झुडूप राखायचं, काठ त्याच्यामुळेच टिकलाय. गवत वाढल्यावर तोंड सापडत नाही, म्हणून बाजूला एक खुंटी ठोकून तिला पांढरा रंग लावायचा. आणि आज काम कोरड्यात करायचं राहून गेलंच आहे, वर कमरेइतकं पाणी तुंबलंय, तर तोंडासमोर उतरायचं नाही. बोळा सुटताच पाणी माणसाला पाइपात ओढतं. काठावर बाजूला उभं राहून लांब बांबूने बोळ्याचा वरचा थर थोडाथोडा उकलायचा.

आधी काहीच होत नाही. मग पानांमधून एक बारीक गुळणी ऐकू येते आणि तुंबलेल्या पाण्यावर छोटासा भोवरा दिसतो. रस्त्यावरचं पाणी पातळ होत जातं, डांबराचा काळा रंग वर येतो, पाण्याखाली गेलेली पांढरी रेघ दिसायला लागते. पलीकडच्या तोंडातून आधी गार हवेचा झोत येतो, मग काळपट पाण्याची एक जीभ, पानं पुढे ढकलत, आणि पाठोपाठ लोंढा. कोळ्याचं जाळं त्यात निघून जातं.